घर्षणावर पोसलेला वारा

जपानच्या हवामान नोंदींत 1966 च्या सप्टेंबर महिन्यातले दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. 25 सप्टेंबरला एका टायफूनमध्ये फुजी पर्वताच्या माथ्यावर, म्हणजे 3,776 मीटर उंचीवर, वाऱ्याचा एक झोत सेकंदाला 91 मीटर वेगाने गेला. त्याच्या वीस दिवस आधी, 5 सप्टेंबरला, ओकिनावाच्या नैर्ऋत्येकडच्या मियाको बेटावर दुसऱ्या एका टायफूनचा झोत मोजला गेला. त्याचा वेग होता 85.3 मीटर, ताशी 307 किलोमीटर. मियाको हे जवळजवळ सपाट बेट आहे. तिथली सर्वांत उंच जागा शंभर मीटरच्या जराशी वर. झोत सोडा, दहा मिनिटांची सरासरीसुद्धा तिथे सेकंदाला 60.8 मीटर भरली होती.

डोंगरमाथ्यावर वारा जास्त आणि पायथ्याला कमी, हे सह्याद्रीत एकदा फिरलेला कोणीही सांगेल. जमीन, झाडे, घरे, लाटा हे सगळे वाऱ्याला अडवतात. त्यामुळे जमिनीलगतची हवा मंदावते. मग समुद्रसपाटीवरच्या बेटावर जवळपास फुजीच्या माथ्याइतका वारा आला कुठून? आणि एखादा क्षण नव्हे, तर तासन्‌तास टिकला कसा?

‘केंद्रात हवेचा दाब कमी असतो, म्हणून वारा सुटतो’ हे उत्तर आपण शाळेत पाठ केलेले असते. ते चूक नाही, अपुरे आहे. घर्षणाचा हिशेब मांडला की त्याचा अपुरेपणा कळतो. समजा, समुद्रावर सेकंदाला 50 मीटर वेगाने वारा वाहतो आहे आणि तळाच्या एक किलोमीटर जाडीच्या थराला लाटा खालून ओढून धरत आहेत. वरून किंवा बाजूने या थराला काहीच मिळाले नाही, तर ढोबळ हिशेबाने पावणेतीन तासांत त्याचा वेग निम्मा होतो. जमिनीची ओढ समुद्राच्या पाच-सहा पट धरली, तर अर्धा तास पुरतो. म्हणजे टायफूनचा जमिनीलगतचा वारा ही एकदा भरून ठेवलेली पुंजी नसते. ती सतत खर्च होते आणि सतत भरली जाते. ती भरतो कोण, हा खरा प्रश्न.

टायफून, अटलांटिकमधले हरिकेन आणि आपल्याकडचे चक्रीवादळ ही एकाच जातीची वादळे आहेत. या जातीचे मोठे वैशिष्ट्य असे, की तिचा गाभा ऊबदार असतो. युरोपात हिवाळ्यात येणारी वादळे थंड आणि उष्ण हवेच्या भांडणातून जन्मतात. त्यांच्यात वर जावे तसा वारा वाढतो आणि दहा किलोमीटरच्या आसपास जेट प्रवाहात तो सर्वांत जोरात असतो. टायफूनमध्ये उलट घडते. केंद्रावर, आठ-दहा किलोमीटर उंचीवर, हवा भोवतालच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनीही जास्त गरम असू शकते. गरम हवा हलकी, म्हणून तिच्याखाली दाब कमी. या ऊबदार खांबातून जितके खाली यावे तितकी दाबातली तूट साठत जाते आणि समुद्रसपाटीला ती सर्वांत मोठी होते.

किती मोठी? 2013 च्या नोव्हेंबरमध्ये फिलिपाइन्सवर आलेल्या हैयान टायफूनच्या केंद्रात दाब 895 हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता, असा जपानी हवामान संस्थेचा अंदाज आहे. बाहेर तो 1010 च्या आसपास असतो. याचे वजनात रूपांतर केले तर समुद्राच्या प्रत्येक चौरस मीटरवर एरवी सव्वादहा टनांच्या आसपास हवा असते. हैयानच्या केंद्रात ती नऊ टनांच्या थोडी वर राहिली. दर चौरस मीटरमागे एक टनाहून जास्त हवा गायब! ही तूट वर जाताना आटत जाते आणि पंधरा किलोमीटरच्या पुढे जवळपास संपते. त्यामुळे वादळाचा फिरता वारा मुळापाशी सर्वांत दांडगा आणि शेंड्याकडे विरळ असतो. अगदी वर तर बाहेर पडणारी हवा केंद्रापासून दूर गेल्यावर उलट दिशेनेही फिरू लागते.

हे झाले अर्धे उत्तर. उरलेले अर्धे घर्षणात आहे, आणि मला तरी तोच भाग अधिक रंजक वाटतो, कारण इथे आपला खलनायकच कारभारी निघतो.

न गाळलेल्या चहाचा कप चमच्याने ढवळून सोडून द्या. पत्ती बाहेर कडेला फेकली जाईल अशी अपेक्षा असते, पण ती तळाशी मध्यभागी गोळा होते. आल्बर्ट आइनस्टाइन यांनी 1926 मध्ये नद्यांच्या वळणांवर लिहिलेल्या एका छोट्या लेखात याचे कारण समजावले होते. फिरता चहा कडेकडे ढकलला जातो, त्यामुळे कडेला दाब जास्त आणि मध्ये कमी. वरच्या थरात हा दाबाचा फरक आणि बाहेर फेकणारा जोर यांचा तोल जमलेला असतो. तळाला मात्र कप चहाला अडवतो. तिथे फिरण्याचा वेग कमी, म्हणून बाहेर फेकणारा जोरही कमी. दाबाचा फरक मात्र तोच. तोल बिघडतो आणि तळाचा चहा पत्तीला घेऊन मध्याकडे सरकतो.

टायफूनमध्ये कपाच्या तळाच्या जागी समुद्र ठेवायचा, एवढाच बदल. दोन-तीन किलोमीटर उंचीवर हवा केंद्राभोवती जवळपास गोल फिरत राहते. आत जायला तिला कारण नसते. तळाचा एक-दीड किलोमीटरचा थर मात्र लाटांना घासून मंदावतो आणि म्हणूनच आत वळतो. समुद्रसपाटीजवळ वारा वर्तुळाच्या रेषेपासून सरासरी वीस-पंचवीस अंश आतल्या बाजूला झुकलेला असतो. घर्षण नसते तर ही हवा बाहेरच फिरत राहिली असती.

आत वळण्याचे परिणाम जबरदस्त असतात. केंद्राभोवती फिरणारी हवा केंद्राजवळ आली की तिचा वेग वाढतो, कारण तिचा कोनीय संवेग, म्हणजे अंतर आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार, सहजासहजी बदलत नाही. 15 अंश उत्तर अक्षांशावर, केंद्रापासून 300 किलोमीटर दूर, जमिनीच्या मानाने अगदी निवांत असलेली हवा घ्या. ती निवांत दिसते, पण पृथ्वीबरोबर फिरतच असते. वाटेत काहीही न गमावता ती केंद्रापासून 30 किलोमीटरवर आली, तर तिचा वेग सेकंदाला 56 मीटर, म्हणजे ताशी 200 किलोमीटर होतो. तीच हवा 500 किलोमीटरवरून निघाली, तर ताशी साडेपाचशेच्या पुढे. असा टायफून कोणी पाहिलेला नाही, कारण वाटेत समुद्र आपला वाटा कापून घेतो. हा वाटा मोठा असतो. पण आत सरकण्यातून होणारी कमाई त्याहून मोठी राहिली की वारा वाढत जातो, आणि डोळ्याच्या भिंतीपाशी, म्हणजे केंद्रातल्या शांत भागाला वेढणाऱ्या उंच ढगांच्या कड्याखाली, तो शिगेला पोहोचतो. समुद्र जितका संवेग खातो तितका बाहेरून आत येत राहतो आणि त्या पुरवठ्याचा रस्ता घर्षणानेच खुला ठेवलेला असतो.

याहूनही चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आहे. आत धावणारी हवा वेगाच्या भरात थोडी जास्तच आत शिरते. तिचा वेग इतका होतो, की तिथला दाबाचा फरक तिला वर्तुळात धरून ठेवू शकत नाही. मग ती बाहेर फेकली जाता-जाता वर चढते. त्यामुळे अख्ख्या वादळातला सर्वांत जोरदार वारा डोळ्याच्या भिंतीत साधारण 500 मीटर उंचीवर सापडतो. त्याच्या वर ऊबदार गाभ्यामुळे वेग कमी होत जातो, खाली समुद्राच्या ओढीमुळे. ऑस्ट्रेलियाचे हवामानशास्त्रज्ञ जेफ्री केपर्ट यांनी 2001 मध्ये या गतीचे गणित तपशीलवार मांडले.

ही उंची किती वाईट असू शकते, याचा अनुभव अमेरिकन संशोधकांना 15 सप्टेंबर 1989 रोजी अटलांटिकमधल्या ह्यूगो हरिकेनमध्ये आला. वादळ अपेक्षेपेक्षा फार बळकट निघाले आणि त्यांचे विमान त्याच्या भिंतीत घुसले ते फक्त 1,500 फुटांवर, साडेचारशे मीटरवर. चारपैकी एक इंजिन निकामी झाले. विमान कसेबसे शांत डोळ्यात पोहोचले आणि तिथेच घिरट्या घालत उंची वाढवून बाहेर पडले. सगळे वाचले. पण माणसांनी त्या थरात जाऊन मोजणी करण्यात अर्थ नाही, हे पटायला तेवढे पुरे होते.

मग मोजणार कसे? 1997 पासून जीपीएस लावलेल्या छोट्या नळ्या विमानातून खाली सोडल्या जाऊ लागल्या. त्या पॅराशूटला लटकत समुद्रापर्यंत येतात आणि वाटेतला वारा सेकंदागणिक कळवतात. अशा शेकडो नळ्यांतून एक ठोकताळा पक्का झाला: भिंतीखाली समुद्रापासून दहा मीटरवरचा वारा तीन किलोमीटरवरच्या वाऱ्याच्या सुमारे 90 टक्के असतो. एरवीच्या हवेत जमिनीलगतचा वारा किलोमीटरभर वरच्या वाऱ्याच्या निम्माही असू शकतो. टायफून मात्र आपल्या वाऱ्याचे नऊ दशांश थेट आपल्या दारात आणून टाकतो.

घर्षण रस्ता दाखवते, पण ऊर्जा देत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ तज्ज्ञांच्या लिखाणातही बराच काळ होत राहिली. ज्यूल चार्नी आणि आर्न्ट एलियासेन यांनी 1964 मध्ये म्हटले, की घर्षण दमट हवा आत गोळा करते, त्या हवेतून ढग होतात, ढगांतल्या उष्णतेने वादळ वाढते. ऐकायला सोपे आणि बरेचसे खरे. पण 1980 च्या दशकात रिचर्ड रोटुनो आणि एमआयटीचे केरी इमॅन्युएल यांनी अडचण दाखवली: नुसती दमट हवा एकत्र करून भागत नाही, वाटेत समुद्राने तिला आणखी बाष्प आणि उष्णता द्यावी लागते. कमी दाबाकडे जाताना हवा प्रसरण पावते आणि एरवी ती थंड झाली असती. 80 हेक्टोपास्कल दाब उतरला तर सात अंश. पण खालचा 28-29 अंशांचा समुद्र तिला थंड होऊ देत नाही. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 25 लाख जूल उष्णता लागते. ती समुद्रातून निघते आणि ढगात वाफेचे पुन्हा पाणी होताना मोकळी होते. वारा जितका जोराचा तितके बाष्पीभवन जास्त, म्हणून एकदा गाडी चालू झाली की तिला आपणहून गती येते. इमॅन्युएल यांनी 1986 मध्ये या सगळ्याचा विचार एक उष्णता-इंजिन म्हणून केला: उष्णता गरम समुद्रावर घ्यायची, पंधरा-सोळा किलोमीटर वरच्या अतिथंड हवेत टाकायची, मधल्या फरकातून वारा काढायचा.

या इंजिनाच्या हिशेबात घर्षण पुन्हा एकदा परतते. वाऱ्याची घासली गेलेली शक्ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. ही उष्णता तळाच्या हवेतच सोडली जाते, म्हणजे इंजिनाच्या गरम टोकालाच परत मिळते. मारिया बिस्टर आणि इमॅन्युएल यांनी 1998 मध्ये दाखवले, की ही परतफेड धरली तर वाऱ्याची संभाव्य कमाल मर्यादा सुमारे 20 टक्क्यांनी वाढते. अर्थात घर्षण जास्त म्हणजे वारा जास्त, असे नाही. शेवटी तोल ठरतो तो समुद्र उष्णता किती देतो आणि वेग किती खातो यावर.

आणि वेग खाण्याची समुद्राची ताकद अमर्याद नाही. लाटा उंच झाल्या की समुद्र खडबडीत होतो आणि ओढ वाढते, असेच सगळे धरून चालले होते. 2003 मध्ये मार्क पॉवेल आणि सहकाऱ्यांनी त्याच नळ्यांच्या नोंदी तपासल्या, तर सेकंदाला 33 मीटरच्या आसपास ही वाढ थांबलेली दिसली. त्यापुढे लाटांचे माथे वाऱ्याने फुटून फेसाचे पट्टे पसरतात, हवेत तुषारांची दाटी होते, आणि वाऱ्याला पकडायला पृष्ठभाग पूर्वीसारखा सापडत नाही. म्हणजे नेमकी जेव्हा अडवण्याची सर्वांत गरज, तेव्हाच समुद्राची पकड सुटू लागते.

आता तो 500 मीटर उंचीवरचा वारा घराच्या छपरापर्यंत उतरतो कसा? सलग उतरत नाही, झटक्यांत उतरतो. 1996 मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर फ्रॅन हरिकेन आले, तेव्हा जोशुआ वर्मन यांनी ट्रकवर बसवलेले डॉप्लर रडार वादळाच्या वाटेत नेऊन उभे केले. त्यांना जमिनीलगतच्या हवेत वाऱ्याला जवळपास समांतर असे, काहीशे मीटर रुंदीचे, वेगवान आणि मंद वाऱ्याचे आळीपाळीने पसरलेले पट्टे दिसले. हवा आडव्या लाटण्यांसारखी गुंडाळत पुढे सरकत होती. लाटण्याची एक बाजू वरचा जलद वारा खाली खेचते, दुसरी खालची मंदावलेली हवा वर उचलते. म्हणून सरासरी वारा एक आणि झोत दुसराच. जपानमध्ये झोत सरासरीच्या दीडपट धरतात. तो त्याहूनही जास्त होऊ शकतो. नुकसान झोत करतो.

त्यात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला 30 मीटरच्या वाऱ्याला एका चौरस मीटर भिंतीवर पन्नासएक किलोचा भार. 60 मीटरला दोनशे दहा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा वारा ताशी 110 किलोमीटरच्या आसपास होता, आणि तेवढ्यात श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मियाकोची 1966 ची सरासरी त्याच्या दुप्पट, म्हणजे भार चौपट. छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर तर हा वारा दाबत नाही, वर ओढतो. पत्रा उडतो तो बहुधा असा, कोपऱ्यापासून.

किनारा ओलांडला की टायफून मरतो, पण लगेच नाही. जमीन त्याचे बाष्प तोडते आणि त्याला सावकाश मारते ते मुख्यतः हेच. झाडे-घरे यांचे घर्षण तळाचा वारा ताबडतोब कमी करते खरे. पण वर दोन-तीन किलोमीटरचा भोवरा अजून शाबूत असतो आणि झोत त्यातूनच येत राहतात. हैयान 8 नोव्हेंबरला पहाटे 4 वाजून 40 मिनिटांनी सामार बेटावरच्या गिवान गावाजवळ किनाऱ्याला लागले आणि सात वाजता लेते बेटावर पोहोचले होते. मध्ये पुन्हा समुद्र. इतक्या वेगाने धावणाऱ्या वादळाला अशी बेटे धाप आणू शकत नाहीत. शिवाय उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूला त्याचा स्वतःचा पुढे जाण्याचा वेग वाऱ्यात मिळतो. जपानी खलाशी या बाजूला धोक्याचे अर्धवर्तुळ म्हणतात.

शहरात या सगळ्याला उंचीचा पैलू जोडला जातो. गल्लीत उभ्या माणसाला जो वारा सोसवेल, तो चाळिसाव्या मजल्यावर काचा फोडतो. 2018 मध्ये मांखुत टायफूनने हाँगकाँगमध्ये ते दाखवले. तैवानची तैपेई 101 ही इमारत 508 मीटर उंच आहे, म्हणजे तिचा शेंडा टायफूनच्या स्वतःच्या सर्वांत जोरदार थरातच जातो. तिच्या वरच्या मजल्यांत डोलणे आवरण्यासाठी 660 टनांचा पोलादी गोळा टांगलेला आहे. 8 ऑगस्ट 2015 ला सौदेलोर टायफूनमध्ये तो एक मीटर हलला.

ज्यांच्याकडे पोलाद नव्हते त्यांनी खाली वाकण्याचा मार्ग घेतला. फिलिपाइन्सच्या उत्तर टोकाला बातानेस बेटांवरच्या इवातान लोकांची जुनी घरे बुटकी आहेत, जाड दगडी भिंतींची, गवताने जाड शाकारलेली. ओकिनावात घराभोवती प्रवाळी दगडांचे कुंपण आणि त्यामागे फुकुगी झाडांची दाट रांग असते. फुकुगी आपल्या कोकमाच्याच कुळातला, गार्सिनिया. जाड पानांचा, सावकाश वाढणारा आणि वाऱ्यापुढे हट्टी. या रांगा झोताला मोडून बारीक करतात. घराच्या छपरापर्यंत पोहोचेतो त्यातली एकसंध ताकद संपलेली असते.

पवनचक्कीला मात्र झाडांच्या मागे लपता येत नाही. तिला वारा हवाच असतो. 11 सप्टेंबर 2003 रोजी माएमी टायफूनच्या 74.1 मीटरच्या झोतात मियाकोवरच्या काही पवनचक्क्या कोसळल्या. एकीचा तर पायाच उपटला गेला. त्यानंतर ओकिनावाच्या वीज कंपनीने जपानच्या दक्षिण टोकाच्या हातेरुमा बेटावर 2009 मध्ये 245 किलोवॅटच्या दोन वेगळ्या पवनचक्क्या उभारल्या. त्यांचा खांब बुडाशी बिजागरीवर बसवलेला आणि तारांनी ताणलेला असतो. टायफून येणार असे कळले की तारा सैल करतात आणि पात्यांसकट अख्खी पवनचक्की जमिनीवर आडवी घालून बांधून ठेवतात.